‘भूकंप’ मंद आचेवर

“अगं, जरा हळू बोल की.”

नेमिनाथ मगदुमांच्या तोंडून हे वाक्य बाहेर पडलं आणि रत्नाबाईंच्या हातातली चपाती तव्याऐवजी ओट्यावर पडली. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हापासून इथं कुणी कुणाला हळू बोल म्हटलेलं नव्हतं. खाली गुळाचं गोदाम, तिथं हमालांचा गलका. बाहेर कोल्हापूरच्या शाहूपुरीचा रस्ता. वर राहतं घर, आणि गोदाम नि घर यांच्या मधल्या माळ्यावर ‘भूकंप’. म्हणजे नवऱ्याचा बँड. अशा घरात हळू बोलणारा माणूस उपाशीच राहिला असता.

“काय म्हणालात?” त्या नेहमीच्या आवाजात ओरडल्या.

नेमिनाथांनी दोन्ही हातांनी कान झाकले. तेव्हा रत्नाबाईंना आठवलं, सूनबाई दीपाने आदल्या दिवशी सासऱ्यांना धरून नेऊन कानाचं मशीन बसवून आणलं होतं. टीव्हीच्या आवाजाने तिच्या बँकेतल्या साहेबांचा फोन ऐकू येईना, म्हणून.

त्या दिवशी सकाळभर नेमिनाथ घरात नव्या पाहुण्यासारखे फिरत होते. पंखा वाजतो, नळ ठिबकतो, भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतं, हे त्यांना एकेक करून कळत गेलं. “तुझ्या बांगड्या वाजतात व्हय गं?” असं त्यांनी रत्नाबाईंना विचारलं. चाळीस वर्षं त्या बांगड्या घालून या माणसाला वाढत होत्या.

आणि मग नेमिनाथांनी आयुष्यातली मोठी चूक केली. कपाटातून जुना टेपरेकॉर्डर काढला आणि स्वतःच्या बँडची कॅसेट लावली.

आता या बँडबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण हल्लीच्या मुलांना वाटतं गिटार पुण्याहून आली. नेमिनाथ मगदूम गिटारवर, गणपती कांबळे ड्रमवर आणि बुद्धभूषण शिंगे गायला. तिघंही एका शाळेतले. पुढे नेमिनाथ वडिलांच्या गुळाच्या पेढीवर बसले, गणपती एसटीच्या वर्कशॉपमध्ये पत्रे ठोकायला लागले आणि बुद्धभूषण मास्तर होऊन हेडमास्तरपर्यंत चढले. दिवसा पोरांवर ओरडायचं आणि रविवारी माईकवर, असा त्यांचा नियमित व्यायाम होता. बँडचं नाव मात्र त्यांनी ठेवलेलं नाही. पहिल्या तालमीच्या दिवशी शेजारच्या धोंडुबाईंच्या फळीवरची पितळी ताटं धडाधड खाली आली. कोयनेचा भूकंप सगळ्यांच्या लक्षात ताजा होता. धोंडुबाई कडेवरचं पोर घेऊन “भूकंप! भूकंप!” करत रस्त्यावर धावल्या, आणि निम्मी शाहूपुरी त्यांच्यामागून. त्या दिवशी बारसं झालं.

जगात हा एकच रॉक बँड असेल ज्याचे कार्यक्रम दुपारी तीनला सुरू होऊन दिवस मावळायच्या आत संपत. नेमिनाथांचं घर जैन, रात्री जेवायचं नाही. एकदा हातकणंगल्याला एका उत्साही मंडळाने “अजून एक गाणं, अजून एक गाणं” म्हणून धरून ठेवलं, तर नेमिनाथ गिटार गळ्यात तशीच ठेवून मोटारीत जाऊन बसले आणि डबा उघडला. वायर स्टेजपासून मोटारीपर्यंत ताणली गेली होती. चाहत्यांनाही सवय झाली. अर्ध्या दिवसाच्या रजा टाकून, आत्याला सोडायला चाललोय असं साहेबाला सांगून, लोक उन्हातान्हात नाचायला यायचे.

आणि बँडची सगळ्यांत गाजलेली चीज म्हणजे ‘उकळी’. गुऱ्हाळावरचं गाणं. कढईत रस तापत जातो तशी ड्रमची गती वाढत जाते, बुद्धभूषण “उकळी आली, उकळी आली” म्हणत चढत जातात, आणि अगदी टोकाला एक किंकाळी येते. अशी किंकाळी की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. त्या काळी सांगलीपासून निपाणीपर्यंत कॉलेजची पोरं ती किंकाळी मारायचा सराव करायची. कुणाला जमली नाही. बुद्धभूषणांना कुठंही गाठून लोक विचारायचे, “सर, हे कसं जमतं?” ते नम्रपणे म्हणायचे, “घशाची काळजी घ्यावी लागते.”

किंकाळी रत्नाबाईंची होती.

लग्नाला जेमतेम महिना झाला होता. माळ्यावर कॅसेटचं रेकॉर्डिंग चाललं होतं आणि नवी सून चहाचा ट्रे घेऊन गेली. हात ओले. वाटेत माईकचा लोखंडी दांडा होता, तो बाजूला करायला तिने हात लावला. वायरिंग गणपतींनी केलेलं. ट्रे एकीकडे गेला, कपबशा दुसरीकडे, आणि रत्नाबाईंच्या तोंडून जे बाहेर पडलं ते सरळ टेपवर गेलं. नेमिनाथ डोळे विस्फारून बायकोकडे बघत होते. लागलं का, बस जरा, पाणी देऊ का, यातलं काहीही न विचारता ते म्हणाले, “परत एकदा.”

आणि गंमत अशी की रत्नाबाईंनी पदर खोचला नि परत एकदा मारली. या खेपेला शॉकशिवाय. मारल्यावर त्यांना जे वाटलं ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. आत कितीही ओरडा, पण सुनेचा आवाज उंबऱ्याबाहेर जाता कामा नये असं ते घर, आणि तिथं महिन्यातून एकदोनदा, कार्यक्रमाच्या पडद्यामागे जनरेटरशेजारी उभं राहून, पदर खोचून, पोटातून ओरडायची मुभा. सासूबाईंना सांगितलं होतं की ते एक परदेशी वाद्य आहे. त्या माउलीने शेवटपर्यंत विश्वास ठेवला. “त्या वाद्याला जरा तेल घाला रे,” एवढंच म्हणायच्या.

तर त्या दिवशी कानात मशीन घालून नेमिनाथांनी ‘उकळी’ ऐकली. रत्नाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून त्यांचं तोंड बघत होत्या. गिटार सुरू झाली तसे नेमिनाथ दचकले. ड्रम आले तेव्हा त्यांनी टेपरेकॉर्डर बिघडलाय का म्हणून दोन टपल्या मारल्या. आणि किंकाळी आली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला, पार पांढरा पडला. त्यांनी बटण दाबून कॅसेट बंद केली.

“हे आम्ही वाजवत होतो?” ते म्हणाले. “इतकी वर्षं? आणि लोक ऐकत होते?”

“पैसे देऊन,” रत्नाबाई म्हणाल्या.

“आता बदलायचं. नवा अल्बम करायचा. हळू. मंद. सगळं मंद.” मग बायकोकडे न बघता ते पुटपुटले, “आणि ती किंकाळी तर नकोच.”

रत्नाबाईंना वाटलं, आपल्यालाच मशीन लावायची वेळ आली.

संध्याकाळी बैठक झाली. संध्याकाळी म्हणजे जेवणं आटोपून, दिवस असतानाच. गणपतींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अण्णा, मग मशीन काढून टाका की! येवढ्यासाठी बँड बदलताय व्हय?”

बुद्धभूषणांनी मात्र सुटकेचा मोठा निःश्वास टाकला. घशाच्या डॉक्टरांनी त्यांना कधीपासून ओरडायला बंदी केली होती, पण हे मित्रांना सांगायचा धीर होत नव्हता. “कलावंतानं परिपक्व व्हायला पायजे,” ते घाईघाईने म्हणाले. “अल्बमचं नाव ‘मंद आच’ ठेवू. आणि ‘उकळी’सुद्धा नव्यानं करू. पण उकळी येऊ द्यायची न्हाय.”

“न आलेली उकळी?” गणपतींना धक्क्यावर धक्के बसत होते. “मग रस कसा आटणार? गूळ कसा हुणार?”

“आणि किंकाळीच्या जागी काय?” हे रत्नाबाईंनी विचारलं. चहा देता देता, सहज विचारल्यासारखं.

नेमिनाथ कपात बघत म्हणाले, “तिथं शांतता ठेवायची. रिकामी जागा.”

चाळीस वर्षांच्या जागेवर रिकामी जागा! त्या दिवसापासून रत्नाबाईंनी नवऱ्याशी इतक्या हळू आवाजात बोलायला सुरुवात केली की मशीन लावूनही नेमिनाथांना दर वाक्याला “काय?” विचारावं लागे.

बातमी शेजारी पोचायला भिंतीएवढंच अंतर होतं. धोंडुबाई दुसऱ्या दिवशी तरातरा जिना चढून आल्या. नव्वदीला टेकल्या असतील, पण आवाज अजून पेठेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“रत्नाक्का, मी हे काय ऐकतोय? हळू वाजवणार म्हणं?” कोल्हापूरच्या जुन्या बायका बोलताना ‘ऐकतोय’, ‘आलो’, ‘गेलो’च म्हणतात, त्यात विशेष काही नाही. “आणि मी काय करू?”

“तुम्हाला बरंच की, धोंडुबाई. जन्मभर तुम्ही आवाजाविरुद्ध अर्ज दिले.”

“तेच म्हणतोय न्हवं! आता कुणाइरुद्ध देऊ? ठाण्यात गेलो की साहेब उठून खुर्ची देतोय मला. चार नगरसेवक हून गेले, सगळे मला धोंडुमावशी भूकंपवाल्या म्हणून वळखतात. आणि तुमचं ते उकळीचं गाणं लागलं की मी भात लावतो. माझा भात कच्चा ऱ्हाणार ते?” मग आवाज खाली आणून, म्हणजे फक्त गोदामातल्या हमालांना ऐकू जाईल इतका, त्यांनी विचारलं, “आणि तुझं वरडणं?”

रत्नाबाई चपापल्या. “माझं कसलं?”

“जा गं. भिंतीला भिंत लागून हाय. मास्तराच्या नरड्यातनं आसलं निघंल व्हय कधी?”

एवढं बोलून धोंडुबाई जशा आल्या तशा उतरून गेल्या. रत्नाबाई मात्र ओट्याला टेकल्या. चाळीस वर्षं कुणाला कळू नये म्हणून जपलं, आणि भिंतीपलीकडे पहिल्यापासून ठाऊक होतं.

रेकॉर्डिंगला कबनूरहून नेमिनाथांचा पुतण्या पारस आला. त्याचा घरचा धंदा यंत्रमागांचा, पण मागाचा खडखडाट नको म्हणून तो या व्यवसायात शिरला होता. गळ्यात हेडफोन, हातात लॅपटॉप. माळ्यावर सगळी मांडामांड झाली. गणपतींनी काठ्या ठेवून तारेचे ब्रश घेतले. ते रत्नाबाईंना बाटल्या धुवायच्या ब्रशासारखे दिसले आणि एसटीचे पत्रे ठोकलेल्या त्या मनगटांची त्यांना दया आली. बुद्धभूषणांनी डोळे मिटले आणि कुणाच्या तरी घरातली आतली गोष्ट सांगितल्यासारखं कुजबुजायला सुरुवात केली. दोन ओळी झाल्या नाहीत तोवर पारसने हात वर केला.

“काका, मागं काहीतरी वाजतंय.”

सगळे गप्प झाले. खरंच वाजत होतं. माश्या. गुळाच्या गोदामावर वाजवत आल्यापासून त्या माश्या तिथं होत्या, त्यांच्या कितीतरी पिढ्या ‘भूकंप’च्या तालावर वाढल्या, पण ‘भूकंप’मधल्या कुणीही त्यांना आजवर ऐकलं नव्हतं. माश्या हाकलल्या तर खाली ट्रक लागला. ट्रक गेला तर ढेपा मोजायला सुरुवात झाली. नेमिनाथ स्वतः खाली जाऊन आपल्याच हमालांना म्हणाले, “जरा मनात मोजा की रे.” हमालांनी मनात मोजलं, त्यात चूक झाली, आणि मग तिच्यावरून जो वाद पेटला तो पारसच्या लॅपटॉपमध्ये अजून जसाच्या तसा आहे.

धोंडुबाईंना विनंती करायला गणपती गेले. “मावशी, तासभर गप बसा की जरा.”

“चाळीस वर्सं मी ऐकलं,” भिंतीपलीकडून उत्तर आलं, “आता तुमी ऐका!” आणि फळीवरची ताटं एकेक करून घासायला निघाली.

कोल्हापुरात शांतता शोधणं म्हणजे काय काम असतं ते तेव्हा या तिघांना कळलं. कुणी म्हणालं स्मशानात जावा, पण तिथं रडारड. शेवटी पारस म्हणाला, कळंब्याला तलावाकाठी पहाटे चिटपाखरू नसतं. मोटार निघाली. डबा वेळेवर हवा म्हणून रत्नाबाई थर्मास नि डबे घेऊन मागच्या सीटवर, तोंड मिटून.

जागा पारसने फार छान निवडली. पाणी स्थिर, मागे एक उंच, लांबलचक भिंत, त्यामुळे वारासुद्धा अडलेला. तिघं म्हातारे लांबट काळ्या पेट्या काढून भिंतीच्या आडोशाला मांडामांड करू लागले. ती भिंत तुरुंगाची होती हे पारसच्या लक्षात आलं नव्हतं.

“पावणं,” मागून आवाज आला. बंदोबस्तावरचा एक हवालदार उभा होता, हातात काठी. “हितं काय चाललंय?”

“शांतता शोधतोय,” नेमिनाथ खरं तेच बोलले.

“पेटीत काय हाय?”

गिटार निघाली. हवालदाराने ती आतून बाहेरून पाहिली, हलवून पाहिली. “आणि हे काय वाजवायचं म्हणं तुमी?”

“आम्ही ‘भूकंप’ आहोत,” बुद्धभूषण छाती काढून म्हणाले.

हवालदाराचा चेहरा एकदम फुलला. “उकळीवाले? आवं, माझ्या लग्नाच्या वरातीत वाजिवलंय मी ते! वाजवा बघू, वाजवा!”

त्यांनी वाजवलं. नवं. हवालदार कान पुढं करून ऐकत राहिला, आणि ऐकता ऐकता त्याच्या चेहऱ्यावर संशय दाटून आला. “हे भूकंपचं न्हाय,” तो म्हणाला. “भूकंपच्या नावावर फसवताय व्हय? जेलाच्या भिंतीपाशी पेट्या घेऊन? भूकंप आसाल तर ती किंकाळी मारून दावा.”

बुद्धभूषणांनी प्रयत्न केला. घशातून जे निघालं ते ऐकून तलावातल्या दोन टिटव्या उडाल्या आणि हवालदाराने शिट्टी काढली.

नेमिनाथांनी बायकोकडे पाहिलं. गणपतींनी पाहिलं. बुद्धभूषणांनी तर हातच जोडले. एका श्वासाचं काम होतं. रत्नाबाई थर्मासचं झाकण सावकाश फिरवत, खालच्या आवाजात म्हणाल्या, “चहा घेणार का, हवालदारसाहेब? तिथं आता रिकामी जागा आहे.”

चौकीत बाकावर बसून त्यांना ओळख पटवणारा माणूस येईपर्यंत वाट बघावी लागली. हेडमास्तरांना बाकावर बसायचा सराव नव्हता. डबा मात्र सगळ्यांनी वेळेत खाल्ला. हवालदारानेसुद्धा.

अल्बम शेवटी झाला तो रत्नाबाईंच्या अंथरुणा-पांघरुणांच्या खोलीत. चारी बाजूंनी गाद्या उभ्या केल्या, त्यावर गोधड्या टांगल्या. गोधड्या रत्नाबाईंनीच काढून दिल्या. आपल्या हाताने शिवलेल्या गोधड्यांनी आपल्याच जागेचा आवाज बुजवताना त्यांना काय वाटलं, हे विचारायला कुणाला सुचलं नाही.

आता प्रकाशनाचा कार्यक्रम. त्याला पोलिसांची परवानगी हवी. ठाण्यात राजनंदिनी घोरपडे नावाच्या फौजदारीणबाई नव्यानेच आल्या होत्या.

“भूकंप?” त्यांनी वर पाहिलं. “आणि मंद संगीत? माझ्या बाबांनी तुमच्या कार्यक्रमात खुर्ची डोक्यावर घेऊन नाचताना दात पाडून घेतलेत, काका. मला फसवू नका.”

“नाही हो, खरंच मंद आहे,” नेमिनाथ काकुळतीला आले. “इतकं मंद की कळंब्याला कुणी ओळखलं नाही.”

“कळंब्याला? म्हणजे जेलात?” बाईंची भुवई वर गेली. झालं! ते प्रकरण निस्तरण्यात अख्खी सकाळ गेली. परवानगी मिळाली ती अशी, की मंचावरच्या वाद्यांचा आणि गायकाचा आवाज दिलेल्या मर्यादेच्या तसूभरही वर गेला तर सगळं सामान जप्त. आवाज मोजायचं यंत्र घेऊन त्या स्वतः येऊन बसणार. चाळीस वर्षं गोंगाटाला परवानगी मिळत आली होती, हळू वाजवायचं म्हटल्यावर गुन्हेगारासारख्या अटी. नेमिनाथांचं तोंड ठाण्यातून बाहेर पडेपर्यंत लाल होतं.

कार्यक्रमाच्या दुपारी सभागृह भरलं. साठी ओलांडलेले पुरुष काळे टी-शर्ट पोटावर ताणून आले होते. कुणी गुडघ्याला पट्टा बांधून, कुणी नातवाला घेऊन. रत्नाबाई इरकली नेसून पहिल्या रांगेत बसल्या. उभ्या आयुष्यात त्यांनी ‘भूकंप’ला समोरून पाहिलं नव्हतं. एका बाजूला धोंडुबाई, दुसऱ्या बाजूला मांडीवर यंत्र ठेवून राजनंदिनीबाई.

पडदा वर गेला आणि गणपतींनी ब्रश फिरवला. सू… सू… सू…

सभागृहाला धक्का बसला. पहिल्या गाण्याला लोकांना वाटलं माईक बंद आहेत. “आवाज वाढवा की!” मागून आरोळी आली. लाऊडस्पीकरवाला धावत येऊन सगळ्या वायरी काढून परत लावून गेला. परत सू… सू… “आवं, फ्यूज गेला आसंल, बघा की!” पुन्हा वायरी. तिसऱ्या गाण्यानंतर कुणी ओरडेना. माणसं नुसती एकमेकांकडे बघत बसली, घरात कुणीतरी आजारी असल्यासारखी. या वायरींच्या घोळात वेळ पुढे पुढे जात राहिली. पश्चिमेकडच्या खिडकीतलं ऊन पिवळं झालं, तांबूस झालं. रत्नाबाईंचं अर्धं लक्ष त्या उन्हाकडे होतं. हॉलच्या मागच्या खोलीत डबा निवत होता.

शेवटी ‘उकळी’. ओळखीचे दोन स्वर ऐकले मात्र, सगळं सभागृह ताठ झालं. रस तापू लागला, पण मंद आचेवर. बुद्धभूषण कुजबुजत वर चढले. पट्टा बांधलेले गुडघे हलू लागले. “उकळी आली… उकळी आली…” आणि सगळं थांबलं.

रिकामी जागा.

शेकडो माणसं श्वास रोखून बसलेली. रत्नाबाईंनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. ओठ आवळले. सामान जप्त होईल, नवऱ्याची शोभा होईल, त्यांना नकोय, नको तर नको…

“हाऽऽऽय!”

किंकाळी फुटली. पण रत्नाबाईंच्या तोंडून नाही. शेजारी धोंडुबाई दोन्ही हात हवेत फेकून उभ्या होत्या, आणि किंकाळीच्या शेवटी त्यांना ठसका लागला होता.

रत्नाबाई हबकल्या. म्हणजे भिंतीपलीकडे भात लावता लावता ही बाई इतकी वर्षं… पण तो विचार नंतरचा. पहिला विचार मनात आला तो असा, की हे चूक आहे. साफ चूक. घशातून काढलंय. पोटातून यायला हवं.

“आसं न्हवं, धोंडुबाई!” त्या उठल्या. पदर खोचला. यंत्र, जप्ती, शोभा, काही आठवलं नाही.

आणि पडद्याच्या अलीकडून, उजेडात, पहिल्यांदा ती किंकाळी आली.

गणपतींच्या हातातले ब्रश गळाले. मागच्या रांगेतलं पोर रडायचं थांबलं. बुद्धभूषणांनी सवयीने तोंड उघडलं खरं, पण उशिरा, किंकाळी निम्मी झाल्यावर. ते सगळ्या सभागृहाने बघितलं. क्षणभर कुणाला काही उमगेना, आणि मग उमगलं तशी एक लाट मागपासून पुढपर्यंत आली. “आवं, ही बाई व्हय!” “काकूंची हाय! काकूंची!” टी-शर्टवाले खुर्च्यांवर चढले. दोन खुर्च्या डोक्यावर गेल्या.

मग एकदम सगळ्यांना फौजदारीणबाईंची आठवण झाली. राजनंदिनीबाई यंत्राच्या काट्याकडे बघत होत्या. तो वर गेला होता आणि खाली यायचं नाव घेत नव्हता.

“अट मंचावरच्या मंडळींना आहे,” त्या म्हणाल्या. “प्रेक्षकांनी ओरडायचं की नाही, हे परवानगीत लिहिलेलं नाही.”

नेमिनाथांचा हात कानाकडे गेलेला रत्नाबाईंनी पाहिला. आता हे मशीन काढून ठेवणार, असं त्यांना वाटलं. पण नेमिनाथ गिटारची वायर पुरेल तेवढे पुढे आले. माईक त्यांच्या तोंडाशीच होता, हे त्यांच्या ध्यानात नसावं.

“रत्ना,” सगळ्या सभागृहाला ऐकू आलं, “त्या दिवशी तुला फार लागलं होतं काय गं?”

“कुठल्या दिवशी?”

“चहा घेऊन आलीस त्या. मला तवा वाटलं, काय झकास सूर लागलाय. परवा मशीन घालून ऐकलं तर… ते गाणं न्हवतंच. माणूस कळवळलंय. आणि मी म्हटलं, परत एकदा. ते ऐकवंना मला. म्हणून काढलं.”

रत्नाबाई कितीतरी दिवसांनी त्यांच्याशी नेहमीच्या आवाजात बोलल्या.

“लागलं की. दोन दिवस हात बधिर होता. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं.” मग म्हणाल्या, “पण शॉक पहिल्या वेळेलाच बसला हो. नंतरचं सगळं माझं मी केलंय.”

नेमिनाथांनी कानामागचं बटण चाचपलं आणि मशीनचा आवाज वाढवला. मागे गणपती खाली वाकून काठ्या शोधू लागले.

“परत एकदा,” नेमिनाथ म्हणाले. आणि मग, घाईने, “तुला पायजे तर.”

रत्नाबाईंनी खिडकीकडे पाहिलं. “अहो, दिवस मावळला की. तुमचं जेवायचं राहिलं.”

“राहू दे,” नेमिनाथ मगदूम म्हणाले.

रत्नाबाईंना तो त्या दिवसातला सगळ्यांत मोठा धक्का होता. त्यांनी पदर घट्ट खोचला, आणि शेजारी वळून म्हणाल्या, “बघा हं, धोंडुबाई. पोटातून.”